कितारो व जपानचीं भुतें

क्योतो शहराच्या पूर्व भागांत मिठाईचें एक लहानसें जुनें दुकान आहे. साखर आटवून केलेले तांबूस, वेडेवांकडे तुकडे हाच तेथील मुख्य माल. या मिठाईचें नांव मात्र चमत्कारिक आहे. 'भुतानें मूल वाढविलें ती मिठाई' असा त्याचा अर्थ होतो. नांवामागची कथा १५९९ सालची म्हणून सांगतात.

रात्रीं दुकान बंद करण्याच्या वेळीं फिकट चेहऱ्याची एक स्त्री आली. तिनें एक मोन किंमतीची मिठाई मागितली, नाणें ठेवलें आणि ती निघून गेली. दुसऱ्या रात्रीं ती पुन्हां आली. अशा सहा रात्री झाल्या. सातव्या रात्रीं तिच्याजवळ पैसा नव्हता. तिनें अंगावरचें वस्त्र पुढें केलें. दुकानदाराला संशय आला व तो तिच्या मागोमाग गेला. दफनभूमीच्या आवारांत ती एकाएकी दिसेनाशी झाली, आणि एका नव्या थडग्याखालून तान्ह्या मुलाचें रडणें ऐकूं येऊं लागलें. थडगें उकरलें तेव्हां मृत स्त्रीच्या कुशींत मिठाई चोखीत असलेलें जिवंत मूल सांपडलें. जपानांत प्रेताबरोबर सहा मोन ठेवण्याची चाल होती. परलोकाच्या वाटेवरील नदी ओलांडण्यासाठीं तें उतराईचें द्रव्य. आईनें तें एकेक करून मुलासाठीं खर्च केलें आणि सातव्या रात्रीं ती निर्धन झाली. हा सहा नाण्यांचा हिशेब ज्या कोणा अनामिक कथेकऱ्यानें बसविला, त्याला मनुष्यस्वभावाचें ज्ञान चांगलें होतें.

ही कथा एकट्या क्योतोची नाहीं. लाफ्काडिओ हर्न या लेखकानें मात्सुए येथें प्रचलित असलेला तिचा एक पाठ १८९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत दिला आहे. त्यांत थडग्यांतील मूल कंदिलाच्या उजेडाकडे पाहून हंसतें. चीनमधील बाराव्या शतकांतील एका कथासंग्रहांतहि तिच्यासारखी गोष्ट आहे. जपानी दंतकथांत पुष्कळदां शेवट असा असतो कीं, तें मूल वांचतें व पुढें मोठा साधु म्हणून प्रसिद्धीस येतें.

परंतु १९३३ च्या सुमारास या मुलाला एक निराळेंच आयुष्य मिळालें, आणि तें अद्याप संपलेलें नाहीं. त्याचें नांव कितारो. जपानी चित्रकथांना 'मांगा' म्हणतात व त्यांवरून केलेल्या सचल चित्रमालिकांना 'ॲनिमे'. या दोन्ही जगांत लोककथेंतून आलेला इतका दीर्घायुषी नायक क्वचितच दुसरा आढळेल. 'गेगेगे नो कितारो' या नांवानें तो जपानच्या घरोघरीं ठाऊक आहे. आजोबांनीं लहानपणीं पाहिलेला कितारो नातवानेंहि पाहिला, असें तेथें सहज घडतें.

त्याचा पहिला अवतार रस्त्यावरचा होता. 'कामिशिबाई' म्हणजे कागदी नाटक. सायकलीच्या मागें लांकडी चौकट बांधलेला एक मनुष्य गल्लीच्या तोंडाशीं येई, लांकडाचे दोन ठोकळे एकमेकांवर आपटून मुलें गोळा करी, त्यांना मिठाई विके, आणि मग चौकटींतील चित्रें एकामागून एक ओढून काढीत गोष्ट सांगे. मिठाई घेणाऱ्यांनीं पुढें बसावें, न घेणाऱ्यांनीं मागें, असा शिरस्ता. गोष्ट नेमकी उत्कंठेच्या जागीं तोडली जाई. म्हणजे दुसऱ्या दिवशीं मुलें पैसा घेऊन पुन्हां हजर. मिठाई विकत घेणाऱ्या भुताची कथा मिठाई विकणाऱ्या कथेकऱ्यानें उचलावी, हें योग्यच झालें. इतो मासामी या लेखकानें रचलेली 'हाकाबा कितारो', म्हणजे 'दफनभूमींतील कितारो', ही कागदी नाटकांची मालिका त्या काळीं गाजली. पुढें युद्ध आलें व तिचा विसर पडला. १९५४ च्या सुमारास कोबे शहराच्या परिसरांत कागदी नाटकांचीं चित्रें काढून कसेंबसें पोट भरणाऱ्या, एकच हात असलेल्या एका चित्रकारानें हें पात्र पुन्हां उचललें.

या चित्रकाराचें नांव मिझुकी शिगेरू. खरें आडनांव मुरा. 'मिझुकी' हें नांव त्यांनीं कोबे येथें चालविलेल्या भाड्याच्या खोल्यांच्या इमारतीवरून पडलें. त्यांचा जन्म १९२२ सालचा, ओसाकाचा. परंतु बालपण गेलें तें जपानच्या समुद्राकांठीं तोत्तोरी प्रांतांतील साकाइमिनातो या मासेमारीच्या बंदरांत. हर्नला थडग्यांतील मुलाची गोष्ट जेथें मिळाली तें मात्सुए तेथून जवळच आहे.

मुरा यांच्या घरीं कामाला येणारी एक वृद्ध बाई होती. देवाधर्माचें करणाऱ्यांना त्या भागांत 'नोन्नोन' म्हणत. तिचा नवरा तसा असल्यामुळें ती 'नोन्नोनबा', म्हणजे नोन्नोन आजी. मिझुकींच्या विद्येची खरी शाळा हीच. छतावर ओलीचा डाग दिसला तर नोन्नोनबा सांगे कीं, रात्रीं छत चाटणारें भूत येऊन गेलें. तिनें मुलाला गांवांतील शोफुकुजी मंदिरांत नेऊन नरक व स्वर्ग यांचीं चित्रें दाखविलीं, आणि तीं पाहून मुलगा दिङ्मूढ झाला. अंधाऱ्या वाटेनें जातां मागून कोणाचीं पाउलें ऐकूं आलीं तर घाबरूं नये. बाजूस सरून 'बेतोबेतो महाराज, आपण पुढें व्हा' असें नम्रपणें म्हणावें, म्हणजे पाउलें पुढें निघून जातात, ही युक्ति मिझुकींनीं आपल्या बालपणावरील चित्रकथेंत तिच्याच तोंडीं घातली आहे. भुताशीं वागतांनाहि सभ्यता सोडूं नये, ही त्यांतील शिकवण. ही चित्रकथा २००७ सालीं फ्रान्समधील आंगुलेम येथील चित्रकथांच्या उत्सवांत सर्वश्रेष्ठ ठरली. मोलकरणीच्या तोंडच्या गोष्टींना एवढा मान क्वचितच मिळाला असेल.

दुसऱ्या महायुद्धांत मिझुकींना सैन्यांत भरती करून न्यू ब्रिटन बेटावर रबाउलच्या बाजूस पाठविण्यांत आलें. दहा शिपायांच्या एका दूरच्या ठाण्यावर शत्रूनें पहांटे छापा घातला. मिझुकी तेवढे पहाऱ्यावर असल्यामुळें दूर होते. बाकी सर्व मारले गेले. समुद्रांतून पोहत, रानांतून धांवत ते एकटे परत आले, तेव्हां वरिष्ठांनीं स्वागत न करतां जीव घेऊन पळाल्याबद्दल त्यांचीच कानउघाडणी केली. पुढें हिंवतापानें अंथरुणास खिळले असतां विमानांतून पडलेल्या बाँबनें त्यांचा डावा हात जायबंदी झाला व तो कापावा लागला. त्याच बेटावर तोलाइ लोकांच्या वस्तींत त्यांना अन्न व माया मिळाली. युद्ध संपल्यावर तेथेंच कायम राहावें असें त्यांच्या मनांत होतें. या सर्व हकीगतीवर त्यांनीं १९७३ सालीं एक चित्रकथा लिहिली. कोठेंतरी सन्मानानें मरून दाखवा म्हणून सैनिकांना मृत्यूच्या तोंडीं ढकलणाऱ्या अधिकाऱ्यांविषयींचा राग तिच्या पानापानांतून जाणवतो. कितारोच्या गोष्टी वाचतांना हें सर्व लक्षांत ठेवणें अवश्य आहे. मिझुकींच्या जगांत भूत हें सहसा सर्वांत भयंकर नसतें. भयंकर असतो तो हुकूम देणारा मनुष्य.

१९४६ सालीं ते मायदेशीं परतले. मासे विकण्यापासून नाना उद्योग करून पाहिल्यावर ते कागदी नाटकांकडे वळले. परंतु १९५३ सालीं जपानांत दूरचित्रवाणी सुरू झाली आणि गल्लींतील कथेकऱ्याचे दिवस भरले. मिझुकी तोकियोला आले. त्या काळीं तेथें भाड्यानें पुस्तकें वाचावयास देणारीं दुकानें असत आणि त्यांच्यापुरत्याच चित्रकथा छापल्या जात. मोबदला अत्यल्प, तोहि वेळेवर मिळेल असें नाहीं. १९६० सालीं अशाच एका पुस्तकांत मिझुकींचा कितारो प्रथम छापला गेला.

हा पहिला कितारो पुष्कळच भेसूर होता. रक्तपेढींत काम करणारा एक मनुष्य रोग्यांना चढविलेल्या कुठल्याशा विलक्षण रक्ताचा माग काढीत एका पडक्या घरापर्यंत पोहोंचतो. तेथें राहणारें जोडपें मनुष्याचें नव्हे. भूतवंशाचे ते शेवटचे दोघे. दोघेहि मरतात. कांहीं दिवसांनीं आईच्या थडग्यांतून माती बाजूला सारीत एक मूल बाहेर येतें. भयभीत झालेला तो मनुष्य त्याला दूर लोटतो, दगडावर आपटून मुलाचा डावा डोळा जातो, आणि कितारो जन्मभर एकाक्ष राहतो. बापाचें शरीर कुजून गेलेलें; परंतु मुलाला पोरका सोडवेना म्हणून त्याचा एक डोळा तेवढा जिवंत राहतो. त्या डोळ्याला हातपाय फुटतात, बारीक आवाज येतो, आणि पुढें तो आयुष्यभर मुलाच्या केसांत बसून त्याला सल्ला देतो. चहाच्या वाडग्यांत ऊन पाणी घालून त्यांत आंघोळ करणें ही या पितृदेवतेची एकमेव चैन. क्योतोच्या कथेंत मेलेली आई मुलासाठीं परत येते. मिझुकींच्या कथेंत बाप येतो. एवढा एक फरक करून त्यांनीं जुनी गोष्ट आपली केली.

त्या पहिल्या पुस्तकांतला मुलगा कांहीं आदर्श बालक नव्हता. तो सिगारेट ओढी, माणसांच्या संकटांकडे तटस्थपणें पाही. १९६५ सालीं 'शोनेन मॅगझिन' या मुलांच्या साप्ताहिकांत तो आला तेव्हां हळूहळू सुधारला, सज्जन झाला, आणि माणसें व भुतें यांच्या तंट्यांत मध्यस्थी करूं लागला. १९६७ सालीं नांवहि बदललें. दफनभूमीचें नांव असलेल्या मालिकेला जाहिरातदार मिळणें कठीण होतें. 'गेगेगे' हा शब्द मिझुकींच्या लहानपणच्या हांकेवरून आला. 'शिगेरू' हें स्वतःचें नांव त्यांना नीट म्हणतां येत नसे, त्याचें 'गेगेरू' होई.

आतां कितारोच्या सोबत्यांकडे वळलें पाहिजे, कारण या मालिकेचें खरें महत्त्व तेथें आहे. त्यांना जपानी भाषेंत 'योकाई' म्हणतात. मराठींतील 'भूत' या शब्दानें त्याचा अर्थ पुरा होत नाहीं. जपानी लोकविद्येचे आद्य अभ्यासक यानागिता कुनिओ यांनीं हा भेद असा सांगितला आहे: मेलेल्याचें भूत ठराविक माणसाचा पाठलाग करतें, मग तो कोठेंहि जावो, योकाई ठराविक जागीं राहतो, मग तेथें कोणीहि येवो. म्हणजे योकाई हा जागेचा असतो. वळणाचा, पुलाचा, डोहाचा, देवळामागच्या झाडीचा. या जातीचीं चित्रें जपानांत फार पूर्वींपासून होतीं. तोरियामा सेकिएन या चित्रकारानें १७७६ सालीं काढलेला चित्रसंग्रह प्रसिद्धच आहे. रात्रीं निघणारी शंभर भुतांची मिरवणूक अशा अर्थाचें त्याचें नांव आहे. वेताळाच्या पालखीच्या गोष्टी ऐकलेल्या मराठी माणसाला ती कल्पना परकी वाटणार नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, नव्या शिक्षणाच्या जोमांत, इनोऊए एन्रिओ नांवाच्या तत्त्वज्ञानें भुतांचें उच्चाटन करण्याचें व्रत घेतलें. त्यांनीं गांवोगांव हिंडून व्याख्यानें दिलीं, एकेका चमत्काराचें शास्त्रीय कारण शोधलें, आणि हजारों पानें लिहिलीं. त्यांचा हेतु अंधश्रद्धा पुसून टाकण्याचा; पण पुसण्यापूर्वीं त्यांनीं तीं सर्व भुतें इतक्या काळजीनें नोंदून ठेविलीं कीं, भूतप्रेमी मंडळींना त्यांच्या ग्रंथांची पुढें फार सोय झाली! यानागितांची दृष्टि वेगळी होती. भूत खरें कीं खोटें, या वादांत त्यांना रस नव्हता. भिणाऱ्या माणसाच्या मनांत काय होतें, हें त्यांना पाहावयाचें होतें. १९३८-३९ सालीं त्यांनीं ठिकठिकाणच्या योकाईंची एक सूचि प्रसिद्ध केली. प्रत्येकाची माहिती दोन-चार ओळींची. चित्र एकहि नाहीं.

या सूचींतून मिझुकींनीं आपलें पात्रमंडळ उभें केलें. दक्षिणेकडील कागोशिमा भागांत रात्रीं एक लांबच लांब पांढरें कापड हवेंतून येतें व वाटसरूच्या तोंडाभोंवतीं गुंडाळतें. कापडाच्या एका तुकड्याला तिकडे 'तान' म्हणतात, सुमारें एक फूट रुंद आणि ३५ फूट लांब. म्हणून त्या योकाईचें नांव 'इत्तान मोमेन', म्हणजे एक तान सुती कापड. नारा प्रांतांत देवस्थानाजवळच्या निर्जन झाडींतून जातां कोणीतरी अंगावर वाळू फेंकतें. ती वाळू टाकणारी म्हातारी म्हणे, पण तिला कोणीं पाहिलेलें नाहीं. तोकुशिमाच्या डोंगरांत तान्ह्या मुलासारखें रडणारा एक म्हातारा आहे. दया येऊन उचलून घ्यावें तों तो जड जड होत जातो आणि सोडूं म्हटलें तरी सुटत नाहीं. हे सर्व १९६६ सालीं एका गोष्टींत कितारोच्या मदतीला धांवले. पाश्चात्य देशांतील भुतांनीं एका जपानी बेटावर स्वारी केली, आणि तिच्याशीं लढावयास कापड, वाळूवाली म्हातारी, रडणारा म्हातारा व एक भिंत अशी सेना निघाली! तेव्हांपासून हेंच कितारोचें कुटुंब.

यांतील भिंतीची गोष्ट विस्तारानें सांगण्यासारखी आहे. तिचें नांव 'नुरिकाबे'. उत्तर क्यूशूच्या किनाऱ्याकडील फुकुओका भागांतली ही समजूत. रात्रीं वाटेनें जात असतां पुढें एकाएकी भिंत उभी राहिल्यासारखें होतें. एक पाऊल टाकतां येत नाहीं, बाजूनें जावें तर तेथेंहि तेंच. काठीनें वरच्या बाजूला मारून उपयोग नाहीं. खालच्या बाजूला मारलें कीं वाट मोकळी. कोंकणांत किंवा देशावर ज्याला 'चकवा' म्हणतात त्याची येथें आठवण होते. चकव्याला रूप नसतें. तो दिसत नाहीं, लागतो. नुरिकाबेहि तशीच होती. मिझुकींना न्यू ब्रिटनच्या जंगलांत, छाप्यांतून निसटून रात्रीं धांवत असतां, डांबरासारखें कांहींतरी पुढें आडवें आलें, ढकलूनहि हलेना, आणि थकून थोडा वेळ बसल्यावर तें नाहींसें झालें, असें त्यांनीं स्वतःच सांगितलें आहे. पुढें यानागितांच्या ओळी वाचतांना त्यांना त्या रात्रीचें नांव सांपडलें.

मग त्यांनीं तिचें चित्र काढलें. करड्या रंगाची मोठी चौकोनी भिंत, तिला झोंपाळू डोळे, आंखूड हात व पाय. आज जपानांत नुरिकाबे म्हटलें कीं लहानथोर सर्वांच्या डोळ्यांपुढें हीच आकृति येते. २००७ सालीं अमेरिकेंतील एका विद्यापीठाच्या ग्रंथसंग्रहांतील जुन्या जपानी चित्रगुंडाळींत नुरिकाबे असें नांव लिहिलेलें एक चित्र लोकांच्या नजरेस आलें. त्यांत होता तो तीन डोळ्यांचा, सुळे असलेला, चार पायांचा एक पांढुरका प्राणी. फुकुओकाच्या वाटेवरील अडथळ्याशीं त्याचें कांहीं नातें आहे कीं केवळ नांव सारखें, याविषयीं अभ्यासकांचें एकमत नाहीं. सामान्य वाचकाची प्रतिक्रिया मात्र साधी होती: ही कसली नुरिकाबे? ती तर भिंतीसारखी असते!

मिझुकींवर जो खरा आक्षेप घेतां येईल तो येथेंच. जें भूत दिसत नव्हतें त्याला त्यांनीं दिसावयास लाविलें. ज्याचें भय त्याच्या अरूपांत होतें त्याला त्यांनीं डोळे, हात, पाय देऊन घरगुती केलें. एका किनाऱ्याचा अनुभव साऱ्या देशाचें चित्र झाला, आणि गांवोगांवचे निरनिराळे पाठ त्या एका चित्राखालीं दडपले गेले. लोककथा ही सांगणाऱ्यागणिक बदलते. छापलेलें चित्र लाखों प्रतींत एकच राहतें. हें नुकसान खोटें नाहीं, आणि मिझुकींच्या भक्तांनीं तें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

तरी दुसरी बाजू पाहिली पाहिजे. फुकुओकाच्या त्या वाटेवर आतां दिवे आहेत. रात्रीं काठी टेकीत घरीं जाणारा मनुष्यहि उरलेला नाहीं. विजेच्या उजेडानें योकाईंना हुसकून लाविलें, असें मिझुकी नेहमीं म्हणत. त्यांनीं चित्र काढलें नसतें तर नुरिकाबे एका विद्वानाच्या सूचींत चार ओळींपुरती राहिली असती, आणि ती सूचि वाचणारे किती निघाले असते? शिवाय मिझुकींचीं चित्रें बारकाईनें पाहणाराला एक विशेष गोष्ट दिसते. त्यांचीं माणसें व भुतें अगदीं साध्या रेषांचीं, जवळजवळ पोरकट वाटावीं अशीं असतात. परंतु त्यांच्या मागचें रान, पडकें देऊळ, पावसांत भिजलेली वाट, गवताचें एकेक पातें हें सर्व बारीक ठिपके व रेषा यांनीं इतक्या चिकाटीनें भरलेलें असतें कीं पान काळोखून येतें. या कामासाठीं त्यांच्याकडे मदतनीस असत. पुढें स्वतः मोठे चित्रकथाकार म्हणून नांवाजलेले त्सुगे योशिहारू हे त्यांतले एक. योकाई हा जागेचा असतो, हें यानागितांचें म्हणणें मिझुकींनीं शब्दांत मांडलें नाहीं. सारे श्रम जागेवर खर्च करून दाखविलें. भुताचा चेहरा हंसरा झाला असेल, पण त्याच्या मागचा अंधार त्यांनीं जसाचा तसा ठेविला.

आणखी एका पात्राचा उल्लेख केल्यावांचून कितारोची ओळख पुरी होणार नाहीं. तो नेझुमी ओतोको, म्हणजे उंदीर-मनुष्य. अर्धा माणूस, अर्धा योकाई. जन्मांत आंघोळ न केलेला, पैशासाठीं मित्राला विकणारा, आणि डाव फसला कीं निर्लज्जपणें पुन्हां त्याच मित्राच्या दारांत उभा राहणारा. हा कोणत्याहि सूचींतला नव्हे. मिझुकींची स्वतःची निर्मिति. ते त्याच्यावर विशेष लोभ करीत असें दिसतें, आणि वाचकहि करतात. कितारो चांगला आहे, पण चांगुलपणाला गोष्ट सुरू करतां येत नाहीं. ती नेहमीं उंदीर-मनुष्याच्या हांवेनें सुरू होते. कोणीतरी धनिक डोंगर फोडावयास निघतो, जुनें देऊळ हलवितो, तळें बुजवितो. उंदीर-मनुष्य त्याची दलाली पत्करतो. आणि तेथें राहणारा योकाई जागा होतो. आरंभींच्या अनेक गोष्टींचा सांगाडा हा असा आहे.

दूरचित्रवाणीवरील पहिली मालिका ३ जानेवारी १९६८ रोजीं सुरू झाली. ती काळ्यापांढऱ्या रंगांत होती व तिचे ६५ भाग झाले. १९७१ सालीं दुसरी आली ती रंगीत. नंतर १९८५, १९९६, २००७ आणि २०१८ या सालीं नव्या मालिका निघाल्या. प्रत्येक वेळीं नवे कलावंत, नवी मुलें, आणि त्या त्या दशकाचीं संकटें. २०१८ च्या मालिकेंतील मुलांच्या हातीं मोबाईल फोन आहेत, पण मदत हवी असल्यास कितारोला जुन्या लांकडी टपालपेटींत पत्रच टाकावें लागतें. सर्वच मालिका सारख्या योग्यतेच्या नाहींत. कांहींत कितारो म्हणजे दर आठवड्याला एक राक्षस चीत करणारा पहिलवान होऊन बसतो, आणि तेव्हां मध्यस्थ म्हणून असलेली त्याची गोडी कमी होते. २००८ सालीं मात्र ११ भागांची एक छोटी मालिका मुद्दाम १९६० च्या भेसूर कितारोकडे परत गेली.

मिझुकी ३० नोव्हेंबर २०१५ रोजीं, वयाच्या ९३ व्या वर्षीं वारले. त्यांच्या लहानपणच्या साकाइमिनातो गांवानें त्यांच्या हयातींतच एक चमत्कारिक उद्योग आरंभिला होता. गांवची बाजारपेठ ओस पडूं लागली होती. १९९३ सालीं स्थानकापासून निघणाऱ्या रस्त्याच्या कडेला योकाईंचे कांशाचे पुतळे बसविण्यास सुरुवात झाली. २०१८ पर्यंत त्यांची संख्या १७७ झाली. पुतळे लहान, गुडघ्याएवढे, हात लावतां येईल असे. आगगाड्यांवर कितारोचीं चित्रें, विमानतळाला कितारोचें नांव, आणि स्थानकांना एकेका योकाईचें टोपणनांव. योनागोचें मोठें स्थानक उंदीर-मनुष्याच्या वांट्याला आलें आहे! यांत व्यापार आहे, हें कोणीहि सांगेल. तथापि ज्या गांवांत नोन्नोनबा मोलानें काम करीत होती त्याच गांवाचा संसार आज तिच्या गोष्टींवर चालतो, हेंहि तितकेंच खरें. रात्रीं त्या रस्त्यावर योकाईंच्या छाया दिव्यांच्या योजनेनें जमिनीवर पाडल्या जातात. ज्या विजेनें त्यांना हांकलून दिलें तिलाच त्यांचें काम करावें लागत आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्यें कितारोच्या जन्माच्या पूर्वींची कथा सांगणारा एक चित्रपट निघाला, मुख्यतः मोठ्यांसाठीं. काळ १९५६ सालचा. रक्तपेढींतला तो मनुष्य येथें नायक आहे. त्याचें नांवहि मिझुकी, आणि तो दक्षिणेकडील युद्धभूमीवरून परत आलेला शिपाई आहे; वरिष्ठांनीं आपल्याला कसें मरावयास पाठविलें होतें, हें तो विसरूं शकत नाहीं. एका धनाढ्य घराण्याच्या गांवांत त्याला कितारोचा बाप भेटतो. हा बाप अजून केवळ डोळा झालेला नाहीं; उंच, सडपातळ, बेफिकीर असा तो हरवलेल्या बायकोला शोधीत आला आहे. त्या गांवांत माणसें भुतांचें काय करतात हें पाहिल्यावर प्रेक्षकाला भुतांचें भय उरत नाहीं. शेवटीं पाऊस पडत असतो, थडग्यांतून मूल बाहेर येतें, आणि मिझुकी त्याला उचलून दगडावर आपटण्यासाठीं हात वर नेतो. १९६० च्या पुस्तकांत येथें मुलाचा डोळा गेला होता. चित्रपटांत तो हात तसाच थबकतो, हळूहळू खालीं येतो, आणि मिझुकी त्या ओल्या, माती लागलेल्या मुलाला छातीशीं धरतो.